पान एकदाच वाढतात

३ मार्च २०२५, सोमवार

आज साकोलीला आले. बसस्टँडवर अंजू मॅडम स्वतः गाडी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. म्हणाल्या, निकेशच्या मोबाइलवर तुमचाच फोटो असायचा. मला हे माहीत नव्हतं. ऐकून बरं वाटलं.

हॉटेल गावापासून चार-पाच किलोमीटरवर, नागझिऱ्याच्या रस्त्याला, मॅडमच्या वडिलांच्या वावरात आहे. कौलारू घर, चुन्यानं पांढरं केलेलं, समोर ओटा आणि आत फक्त सहा टेबलं. पाटीवर ‘रिझिएर’ लिहिलंय. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ धानाचं वावर. आजूबाजूची माणसं मात्र ‘फ्रान्सवालीचं हॉटेल’ म्हणतात. मॅडम साकोलीच्याच. नागपूरला हॉटेल मॅनेजमेंट शिकल्या, मग सहा वर्षं फ्रान्समध्ये एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होत्या. भाजी मागच्या वाफ्यांतली, मासोळी जवळच्या तलावातली, तांदूळ घरचा चिन्नोर. पदार्थ तेवढे तिकडचे. संध्याकाळी रस्त्यावर जनावरं येतात म्हणून फक्त दुपारचं जेवण मिळतं. मंगळवारी सुट्टी.

निकेश, माझा नवरा, इथं दोन वर्षं वावर सांभाळत होता. ते काम आता माझ्याकडे. नोव्हेंबरात तो अपघातात गेला, तेव्हा मी शाळेतली नोकरी सोडली आणि करडीला सासरी बसून राहिले. सासूबाईच एक दिवस म्हणाल्या, “किती दिवस भिंतीकडं पाहून राहशील वो? जाय तिथं. त्याच्या हातची झाडं तरी दिसतील तुले.”

उशीर झाला की निकेश ज्या खोलीत थांबायचा, तीच मला मिळाली. खिडकीतून भेदरांचे, म्हणजे टोमॅटोचे, वाफे दिसतात. लाल भेदरं, काठीला नीट बांधलेली. ती गाठ त्याचीच. चहा घेऊन किती वेळ पाहत बसले. चार महिन्यांत आज पहिल्यांदा मला भूक लागली.

५ मार्च, बुधवार

पहिला दिवस. सकाळी जमुनाबाईसोबत वांगी, भेदरं आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, तोडली. जमुनाबाई ढिवरांची, साठीची असेल. भांडी आणि मासोळी साफ करणं तिच्याकडे. तिचा नवरा मंगरू तलावातून मरळ आणतो. दाराजवळच्या काळ्या फळ्यावर मी रोज लिहायचं, आज काय आहे आणि कुणाच्या वावरातलं: वांगी आमची, कांदे जागेश्वरचे, मरळ मंगरूची. मंगरू आपलं नाव वाचून घ्यायला रोज फळ्यापाशी थांबतो. जमुनाबाई म्हणते, “पाहा, म्हातारा मंत्री होऊन राहिला.”

इथली जेवायची रीत वेगळी आहे. आपल्याकडे ताट एकदम भरतात. इथं आधी कांद्याचं सूप येतं. ते संपलं की वाटी उचलायची. मग लोण्यात परतलेली मरळ, ती ताटलीही उचलायची. मग वांगी-भेदरांची शिजवलेली भाजी भातासोबत. शेवटी मोहफुलाच्या पाकातलं कस्टर्ड. दोन पदार्थांच्या मधे माणूस रिकाम्या टेबलाशी बसून वाट पाहतो. मॅडम म्हणतात, त्या वाट पाहण्यातच खरी मजा आहे. भंडाऱ्याचे एक डॉक्टर आले होते. त्यांनी हळूच मला विचारलं, याच्यासोबत पोळी नाही का? मॅडमनी आतून ऐकलं आणि खूप हसल्या.

सूप वाढण्याआधी त्यांनी मला मीठ पाहायला लावलं. मी म्हटलं, मला तिकडच्या चवीचं काय कळतं? त्यावर त्या म्हणाल्या, निकेश सांगायचा, ज्योत्सनाच्या हाताला मीठ बरोबर असतं.

मला तो फक्त ‘बरं आहे’ म्हणायचा. लग्नाला सात वर्षं झाली होती.

८ मार्च, शनिवार

मला एक गोष्ट आवडली नाही. लिहून ठेवते.

खिडकीजवळचं सहा नंबरचं टेबल पाहुण्यांना देत नाहीत. तीन वाजता सगळे गेले की मॅडम त्या टेबलावर पांढरं कापड टाकतात आणि जेवण वाढतात. आधी सूप. थोडा वेळ थांबतात. मग वाटी उचलून मासोळी. मग भाजी. मग गोड. समोर कुणी नसतं. मी जमुनाबाईला विचारलं. तिनं भांडी घासता घासताच सांगितलं, हे निकेशचं आहे.

मॅडमना विचारलं तेव्हा त्या सरळ बोलल्या. तो गेला त्या दिवशी मंगळवार होता. हिवाळ्याचं नवं जेवण ठरवायचं होतं, म्हणून त्यांनी निकेशला पाहुण्यासारखं सहा नंबरवर बसवलं. त्याचं सूप झालं, मासोळी झाली आणि तो मधेच उठून गेला. हायवेवर ट्रकनं मोटरसायकल उडवली. “तो अर्ध्यावरून उठला,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडून त्याचं जेवण राहिलं. म्हणून वाढते. तुम्हाला चालेल ना?”

मी ‘हो’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्याची बायको मी. त्याच्या नावानं वाढते ती. त्याला काय आवडायचं, कोणत्या खुर्चीत बसायचा, सूप फुंकून प्यायचा की तसंच, हे सगळं तिला ठाऊक. घरी तो भाजीतला कांदा बाजूला काढायचा. इथं कांद्याचं सूप दोनदा मागायचा म्हणे.

११ मार्च, मंगळवार

सुट्टी. दिवसभर खोलीत होते. जे कुणाला सांगितलं नाही, ते इथं लिहिते.

त्या दिवशी त्याला मी उठवलं.

सुट्टी असूनही तो इथं आला होता. माझ्या शाळेला दिवाळीची सुट्टी, मी घरी मरळचा रस्सा करून बसले होते. एक वाजला, दोन वाजले. फोन केला तर म्हणाला, मॅडमनी जेवायला बसवलंय, अजून दोन पदार्थ बाकी आहेत, मग निघतो. मागे ती हसत होती. ते हसणं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आता उठून आलास तर ये, नाही तर तिथंच राहा. खुर्ची सरकल्याचा आवाज मला फोनमधून ऐकू आला.

जेवत्या माणसाला ताटावरून उठवू नये, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

१५ मार्च, शनिवार

आज सहा नंबरचं आवरायला मॅडमनी मला सांगितलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मासोळीची ताटली जशीच्या तशी होती, एक तुकडाही कमी नाही. उचलून स्वयंपाकघरात आणली आणि एक घास तोंडात टाकला. चवच नव्हती. अळणी म्हणतात तसंही नाही. अळणी पदार्थाला तांदळाची, भाजीची आपली चव असते. ही मासोळी म्हणजे ओला कापूस होती. पाहुण्यांना गेलेल्या त्याच कढईतल्या मासोळीचं मीठ मी स्वतः पाहिलं होतं.

दुसरी गोष्ट. मार्चात माशा सगळीकडे असतात. रिकाम्या टेबलावरही बसतात. त्या ताटलीवर एकही नव्हती. ताटली मागं ओतली. अंगणातलं कुत्रं आलं, वास न घेताच मागं सरकलं.

१९ मार्च, बुधवार

दुपारी गर्दीच्या वेळी मॅडमनी भट्टीतला पत्रा उघड्या हातानं बाहेर काढला आणि ओट्यावर ठेवला. आम्ही दोघी ओरडलो, तेव्हा त्यांनी हाताकडे पाहिलं. तळवा पांढरा पडला होता. त्यांना कळलंच नव्हतं.

जमुनाबाईनं हळद लावली आणि पाहुणे गेल्यावर तिचा बांध फुटला. आजवर कितीदा सांगितलं असेल, पण त्या ऐकत नाहीत, असं म्हणाली. मॅडमची जीभ डिसेंबरातच गेली. म्हणून मीठ दुसऱ्याला पाहायला लावतात. जानेवारीत नाक गेलं, लोणी जळालं तरी उभ्याच. आता हाताला चटका कळत नाही. मॅडम म्हणाल्या, डॉक्टरांना दाखवलंय, कसलीशी कमतरता आहे. जमुनाबाई म्हणाली, “कमतरता नाही वो बाई. मेलेल्याले पान एकदाच वाढतात. सगळं एकदम. मंग पाणी सोडायचं, ‘जाय’ म्हणायचं अन् मागं पाहाचं नाही. तू एक वाढते, उचलते, दुसरं वाढते. तो उठंन कसा? त्याले वाटते, अजून येऊन राहिलं. अन् तुह्या भाताच्या घासावर तो नाही जगत. वाढणाऱ्याच्या आंगातलंच खाऊन राहिला तो.”

तिच्या मावशीनं तलावात बुडालेल्या पोराला असंच दोनदा वाढलं होतं. वर्षभरात मावशीला पोर सोडून दुसरं काही दिसेना, ऐकू येईना.

मॅडम हसल्या नाहीत.

मला भीती वाटायला हवी होती. पण मनात एवढंच आलं, तो खरंच इथं आहे. चार महिने मी करडीला रडले. माझ्याकडे आला नाही. इथं आला.

२३ मार्च, रविवार

काल मंगरूकडून मरळ मागून घेतली आणि खोलीतल्या गॅसवर रस्सा केला. तोच, त्या दिवशीचा. जवसाची चटणी, भात. मॅडम सूप ठेवून वळल्या, तेव्हा मी माझी वाटी शेजारी ठेवली. त्यांनी पाहिलं आणि राहू दिली.

पाऊण तासानं दोन्ही चाखले. सूप कापूस झालं होतं. माझ्या रस्स्यात मीठ, तिखट, लसूण सगळं जागच्या जागी. वर दोन माशाही बसल्या होत्या.

त्यानं हात लावला नाही.

२७ मार्च, गुरुवार

आज परत ठेवला. तसाच. मीठ कमी केलं. तसाच. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, त्याला जेवण संपवायचंय, एवढंच असेल, तुमच्यावर राग नाही. घरच्या रस्स्याबद्दल तो नेहमी बोलायचा, तोंडावर कौतुक करायला लाजायचा. मी त्यांचा हात काढला. त्याचं कौतुक मला त्यांच्या तोंडून नको.

३० मार्च, रविवार, पाडवा

आज दिसला.

दुपारचे साडेतीन, लख्ख ऊन. मी वाफ्यातून आत येत होते. सहा नंबरला पाठमोरा बसला होता. निळा चेक्सचा शर्ट, मानेवरचा तीळ. उजवा खांदा हलत होता, जेवताना हलतो तसा. तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. खिडकीत अंजू उभी. तिला तो दिसत नव्हता. ती नुसती पुढच्या ताटलीवर सांबार भुरभुरवत होती. आणि तो तिच्याकडे मान वर करून पाहत होता.

माझ्याकडे पाहावं म्हणून मी नाव घेतलं. दोनदा घेतलं. खांदा थांबला नाही.

७ एप्रिल, सोमवार

रोज दिसतो. रोज पाठ.

आज अंजूला जमुनाबाईची हाक ऐकू गेली नाही. शेजारीच उभी होती. मग एकदम रडायला लागली. म्हणाली, मला या वयात बहिरं व्हायचं नाही, सांग काय करायचं. जमुनाबाईनं सांगितलं, तिजेला, अक्षय्य तृतीयेला, पितरांचं पान वाढतात, त्याच दिवशी वाढू. तोवर सहा नंबर बंद. अंजूनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “ज्योत्सनाताई, तुम्हीच वाढाल ना? हक्क तुमचा आहे.” जमुनाबाई मधेच म्हणाली, नाही, ज्याच्या हातचं तो खातो त्यानंच वाढायचं, नाही तर तो उठणार नाही.

म्हणजे निरोपही तिच्याच हातचा.

१६ एप्रिल, बुधवार

टेबल रिकामं असूनही तो बसलेला असतो. वाट पाहतो. बोटं टेबलावर वाजवतो. आवाज मला येतो. तिला नाही.

तिला काहीच नाही. दिसत नाही, ऐकू येत नाही. तरी पाहतो तिच्याचकडे.

३० एप्रिल, बुधवार, तीज

जमेल तसं लिहिते.

हॉटेल बंद ठेवलं. दुपारी बारा वाजता अंजूनं पळसाची मोठी पत्रावळ मांडली. सूप द्रोणात, मासोळी, भाजी, भात, कस्टर्ड. सगळं एकदम. माझा रस्सा नको म्हणाली जमुनाबाई. एकाच हातचं पाहिजे.

तो खाली वाकला. खांदा भराभर हलायला लागला. अंजू हात जोडून उभी. जमुनाबाईनं पानाभोवती पाणी सोडलं, म्हणाली, “झालं बापू. पोट भरलं तुहं. आता जाय. तुह्या घरच्यायले सुखी ठेव अन् जाय.”

खांदा थांबला. खुर्ची मागं सरकली. फोनमध्ये ऐकू आला होता तोच आवाज. दोघी वळल्या आणि मागं न पाहता दाराबाहेर गेल्या. मलाही त्यांच्यामागं जायचं होतं.

तो उठत होता. माझ्याकडे एकदाही न पाहता. त्या दिवशी तो माझ्यासाठी तिच्या ताटावरून उठला होता. आज तिच्या हातचं पोटभर खाऊन जाणार होता. मग माझं काय राहिलं?

स्वयंपाकघरात माझं पातेलं होतं. पळत गेले. एक डाव रस्सा आणला आणि पानावर वाढला.

खुर्ची पुढं सरकली.

तो बसला. आणि त्यानं मान वळवली.

१ मे, गुरुवार

सकाळी अंजूच्या ओरडण्यानं जाग आली. स्वयंपाकघरात उभी राहून कच्चा कांदा खात होती. डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू. “तिखट लागतो! जमुनाबाई, तिखट लागून राहिला!” मला मिठी मारली. म्हणाली, ताई, गेला तो, सुटला बिचारा.

मी चहा प्यायले. गरम पाणी होतं.

खोटं लिहीत नाही. आनंद झाला मला.

४ मे, रविवार

आता तो माझ्या खोलीत जेवतो. दाराला आतून कडी लावते. रस्सा, भात, चटणी, वडे. माझ्यासमोर बसतो. तोंड माझ्याकडे. चेहरा तोच आहे. फक्त जबडा थांबत नाही. ताटली उचलली तरी चावतच असतो.

‘बरं आहे’ म्हणत नाही. पण खातो. माझ्याच हातचं खातो.

९ मे, शुक्रवार

वास गेला. फोडणी झाली की जळली, रंगावरून ठरवते.

अंजू दाराबाहेर हसली, तेव्हा त्यानं दाराकडे पाहिलं. मी पाहिलं. दोन वडे जास्त वाढले. मग परत माझ्याकडे वळला.

१४ मे, बुधवार

जमुनाबाईनं ओळखलं. माझ्या हातावरचे फोड पाहिले तिनं. कपाळ बडवून घेतलं. म्हणाली, “कायले केलं वो पोरी? जाऊन राहिला होता तो. आता तुले पुरा संपवंन.” अंजूला सांगते म्हणाली. मी हात धरला तिचा, सांगू नको म्हटलं. अंजूनं वाढायला घेतलं तर तो परत —

नको.

१८ मे, रविवार

वाढायचं थांबवून पाहिलं. सकाळपासून दुपारपर्यंत. तो बसला. जबडा चालू. माझ्याकडेच पाहत होता, पण ताटाकडे पाहावं तसं. भीती वाटली. आजपर्यंत एवढी कधी —

दुपारी वाढलं.

मला वाटलं होतं मायेनं पाहतो. तसं नाही. त्याला मी दिसतच नसेन. तिच्याकडेही असाच पाहत होता का? मायेनं नाही, नुसतं भुकेनं? मग मी कशासाठी —

तरी आज तो इथं आहे. तिच्याकडे नाही.

२२ मे, गुरुवार

ऐकू येत नाही. जमुनाबाईनं सांगितलंच असणार, अंजू रोज दारात उभी राहते. ओठ हलतात. रडते बहुतेक. मी दार लावते.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं की किती छान दिसते. त्यानं पाहू नये.

२५ मे

दुपारी उजेड कमी वाटतो. वहीच्या रेघा दिसत नाहीत. मोठं अक्षर काढते आहे. तो मात्र स्वच्छ दिसतो. मानेवरचा तीळ, शर्टाचं बटण. बाकी सगळं पुसट. फक्त तोच —

मला मरायचं नाही. हे लिहून ठेवते. करडीला जायचं आहे. सासूबाईंच्या हातचा भात —

२७ मे, अवस

अंजूनं कडी तोडली. फळा डोळ्यांसमोर धरला, खडूनं मोठं मोठं लिहिलेलं. आज अवस आहे. सगळं एकदाच वाढू. त्याला सोड. तुला गाडीत घालून करडीला नेते.

मी मान हलवली. हो म्हटलं. खरंच हो म्हटलं.

जमुनाबाईनं पत्रावळ माझ्या हातात दिली. माझ्या हातूनच वाढवून घेतलं. भात, रस्सा, वडे. हात धरून पाणी सोडलं. त्यांचे ओठ हलतात. ‘जाय’ म्हणत असतील. मीही म्हटलं. तोंडातून आवाज निघाला की नाही, माहीत नाही.

तो थांबला. जबडा थांबला. पहिल्यांदाच.

दोघी बाहेर गेल्या. मलाही मागं न पाहता जायचं आहे. दार दिसतंय. पांढरा चौकोन. पाच पावलं असतील. वही घेतली हातात, जाते —

तो उठला. दाराकडे पाहतो आहे. अंजू उभी आहे दारात. त्याची नजर तिच्यावर. आता ताटाकडे पाहावं तशी नाही. ओळखीची. जिवंत माणसाची. निघताना तिला पाहून हसतो आहे. मला सात वर्षांत असं कधी —

अंजू मागं न पाहताच हात हलवते आहे. ये, ये म्हणते.

पातेल्यात अजून एक वडा आहे. जाऊ दे, ज्योत्सना. चार पावलं. जाऊ दे त्याला. हसू दे. जाते आहे मी, फक्त एकदा त्यानं माझ्याकडे पा—